कुत्र्याला घेऊन फिरण्याजोग्या कोल्हापूरच्या वाटा: नदीकाठ, पठार आणि झाडी

कोल्हापूर शहरात कुत्र्याला चालवण्याजोगी मोकळी जागा आता फारशी उरलेली नाही. रंकाळ्याच्या काठावर सकाळ-संध्याकाळ माणसांचीच एवढी वर्दळ असते आणि गल्लोगल्लीची भटकी कुत्री आपापल्या हद्दीबद्दल एवढी दक्ष असतात, की बिचाऱ्या पाळीव कुत्र्याला नाक जमिनीला लावून चार पावले स्वस्थपणे टाकता येत नाहीत. म्हणून शहराबाहेरच्या तीन प्रकारच्या वाटांचे, कुत्र्याची सोय आणि सुरक्षितता एवढ्याच दृष्टीने केलेले हे परीक्षण आहे. माझी कुत्री मुधोळ जातीची, म्हणजे वासापेक्षा नजरेने सावज हेरणारी आणि एकदा धावत सुटली की हाकेला न जुमानणारी आहे. संथ स्वभावाची कुत्री असणाऱ्यांनी तेवढी सवलत धरून पुढचे मत वाचावे.

या तिन्हींत पंचगंगेच्या काठाला मी निःसंशय पहिला क्रमांक देते, आणि तोही दिवाळीनंतर फेब्रुवारी अखेरपर्यंतच्या दिवसांसाठी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या, आणि पाचवी गुप्त मानलेली सरस्वती, यांचा संगम शहराच्या वायव्येला प्रयाग चिखली येथे होतो. त्या परिसरातल्या उसाच्या मळ्यांमधून जाणाऱ्या पाणंदी कुत्र्याच्या पायांना फार मानवतात. माती पोयट्याची आणि मऊ, दोन्ही बाजूंनी ऊस उभा असल्यामुळे वारा अडलेला, आणि वासांची एवढी रेलचेल, की कुत्रे तासाभरात जेवढे थकते तेवढे डांबरी रस्त्यावर दोन तास पळवूनही थकत नाही. कुत्र्याला फिरवणे म्हणजे त्याला पळवणे नव्हे, तर त्याला हुंगू देणे, हे ज्यांना पटते त्यांना या पाणंदी निश्चित आवडतील. माघस्नानाच्या पर्वात मात्र संगमावर भाविकांची गर्दी असते. त्या दिवसांत घाटाकडे कुत्रे नेऊ नये, अलीकडच्या शिवारातूनच परतावे.

पाण्याच्या बाबतीत थोडे जाणून घेऊनच काठावर जावे. या नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की त्यांच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, त्यामुळे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला काठोकाठ खोल पाणी साचते आणि कड तुटक व गाळाने निसरडी होते. कुत्रे उत्तम पोहते, पण अशा कडेवरून त्याला वर चढता येत नाही आणि ते धडपडून दमते. त्याला पाण्यात सोडायचेच असेल तर बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, बरग्यांमधून गळणाऱ्या धारांपासून पुरेसे दूर, जिथे काठ उतरता आणि तळ दिसतो अशी जागा पाहावी. जलपर्णीचा धोका तर नवख्यांच्या लक्षातच येत नाही. हिरव्यागार, सपाट पसरलेल्या त्या पानांना कुत्रे जमीनच समजते. माझी कुत्री एकदा पुढचे दोन्ही पाय त्यावर टेकवून क्षणभर तशीच उभी राहिली आणि पाने दबून पाणी वर येताच अंग चोरून मागे सरली. दोरी हातात होती म्हणून त्या प्रसंगाची काळजी वाटली नाही. पाण्याला हिरवट साय आली असेल किंवा मेलेले मासे तरंगताना दिसले, तर त्या दिवशी कुत्र्याला पाण्याला तोंडही लावू देऊ नये.

पावसाळ्यात हा काठ पूर्णपणे वर्ज्य समजावा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी धरली जाते, पण सखल पाणंदी त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात. पूर ओसरल्यावरही काही आठवडे थांबणे शहाणपणाचे आहे, कारण उंदरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात मिसळणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यालाही होतो आणि त्याच्यापासून माणसालाही. वार्षिक लसीत लेप्टोचा समावेश आहे की नाही, हे आपल्या पशुवैद्यांना मुद्दाम विचारावे.

शिवारातली माणसे एकंदरीत समजूतदार आहेत, परंतु त्यांचा मान राखला तरच. एका वयस्कर शेतकऱ्याने मला लांबूनच हटकले होते, "धरा की ओ त्याला, म्हसरं बुजत्यात!" आणि मी दोरी आवळून बाजूला उभी राहिल्यावर त्यांनीच पुढची कोरडी पाणंद कोणती, तेही सांगितले. गळीत हंगामात ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची ये-जा वाढते, तोडणीनंतर पाचट पेटवलेले असते, आणि गुऱ्हाळघरापाशी चुलवाणावर उकळत्या रसाची काहील असते. गुळाच्या वासाने कुत्रे तिकडे ओढ घेणारच, त्यामुळे तिथे दोरी हातभर ठेवावी. धनगरांचे कळप शेतात बसलेले असतील तर वाट बदलावी. त्यांची राखणीची कुत्री आपले काम चोख करतात आणि आपल्या कुत्र्याने मेंढरांवर झेप घेतली, तर होणाऱ्या नुकसानीला आपणच जबाबदार असतो. शेताच्या बांधावरचे गवत कुत्र्याला खाऊ देऊ नये, कारण तिथे तणनाशक फवारलेले किंवा उंदरांसाठी विषारी आमिष ठेवलेले असू शकते.

पन्हाळ्याहून म्हाळुंग्यामार्गे गाठायचे मसाई पठार हे या तिन्हींत सर्वांत देखणे ठिकाण आहे, आणि तरीही कुत्र्यासाठी मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवते. वारणा आणि कासारी या दोन खोऱ्यांच्या मधोमध उंचावलेला हा जांभ्याचा सडा आहे. वर झाड जवळपास नाही, दृष्टी पोहोचेल तिथवर गवत, आणि वारा असा की कुत्र्याचे कान मागे चिकटून राहतात. पन्हाळ्याहून विशाळगडाकडे पावनखिंडीच्या दिशेने जाणारी वाट याच पठारावरून जाते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात जांभ्याच्या पातळ मातीवर सीतेची आसवे, दवबिंदू आणि गेंद अशी इवलीशी फुले येतात, जी कुत्र्याच्या एका लोळण्याने चिरडून जातात. चंडोल आणि टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. शिवाय हे पठार राखीव संवर्धन क्षेत्र म्हणून घोषित झालेले आहे, त्यामुळे जाण्यापूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी आणि कुत्र्याला मळलेल्या वाटेवरच, दोरीत चालवावे. मुधोळ किंवा कारवानी कुत्री सशामागे सोडण्यात काही जणांना आजही मर्दुमकी वाटते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राण्याचा असा पाठलाग शिकारीच्या व्याख्येत येतो, आणि कायदा नसता तरीही ती गोष्ट निंद्यच ठरली असती.

पावसानंतर गवत वाळू लागले की पठारावरचा खरा शत्रू म्हणजे कुसळ. कुसळी गवताच्या बीचे टोक सुईसारखे असते, त्यावरचे केस मागे वळलेले असतात आणि शेपटी ओलावा लागताच पीळ घेत फिरते. त्यामुळे ते एकदा केसांत शिरले की पुढेच सरकते, मागे येत नाही. फिरून आल्यावर कुत्र्याच्या बोटांमधली कातडी फाकवून, काखेत आणि कानांच्या पाळीखाली बोटांनी चाचपून पाहण्याला पर्याय नाही. कुत्रे सारखे एकाच बाजूला डोके झटकत असेल तर घरी चिमटा न घालता थेट डॉक्टरांकडे न्यावे. मार्चनंतर जांभा तापतो. हाताची पालथी बाजू दगडावर पाच-सात सेकंद ठेववत नसेल, तर त्यावर कुत्र्याला चालवणे क्रूरपणाचे आहे. वर भरवशाचे पाणी आणि सावली नसल्याने पाणी आपणच वाहून न्यावे लागते.

झाडीच्या वाटांबद्दल थोडक्यात सांगते. गारगोटी रस्त्याने कळंब्याच्या पुढे असलेला कात्यायनीचा परिसर उन्हाळ्यातल्या सकाळच्या फेरीला बरा आहे, सावली आहे आणि चढ बेताचा आहे. मात्र पाचोळ्यातून फिरल्यावर गोचिडांची तपासणी आवश्यक आहे, कारण त्यांच्यामुळे होणारा ताप कुत्र्याला आतून पोखरतो. पन्हाळा-जोतिबाच्या बाजूच्या जंगलात मी कुत्र्याला नेत नाही आणि इतरांनाही सुचवणार नाही. बिबट्याला कुत्रे हे सोपे भक्ष्य असते, गवा डिवचला गेला तर माणसाचीही धडगत नाही, आणि रानडुकरांसाठी चोरून लावलेले फासे कुत्र्याला ओळखता येत नाहीत. देवराईत शिरण्यापूर्वी गावातल्या गुरवांना विचारावे, कारण अनेक ठिकाणी तिथे माणसेसुद्धा चपला काढून जातात. राधानगरी अभयारण्यात कुत्रे नेण्याचा विचारच करू नये.

सामानात मला सर्वांत उपयोगी पडली ती साधी, सुमारे पाच मीटरची सुती दोरी आणि गळ्याऐवजी छातीवर बसणारा पट्टा. आपोआप गुंडाळणारी महागडी दोरी उसाच्या धसकटांत अडकते आणि झटका बसला की मूठ हातातून निसटते, त्यामुळे तिच्यावर पैसे घालवू नयेत. वाहतूक हीच या सर्व वाटांची मोठी उणीव आहे. एसटीत मोठे कुत्रे नेणे व्यवहारात जमत नाही आणि रिक्षावाले बहुधा नकार देतात. स्वतःचे वाहन नसणाऱ्यांनी शिंगणापूर बंधाऱ्याच्या बाजूचा काठ निवडावा. तो शहराला जवळ आहे, शहराच्या पश्चिम भागातून पहाटे चालत निघाले तर ऊन चढायच्या आत परत येता येते, आणि वाटेतल्या पाणंदी प्रयागच्या पाणंदींएवढ्या निवांत नसल्या तरी कुत्र्याच्या नाकाला तेवढ्याच समृद्ध आहेत.