एकच गोष्ट दोनदा, की एकच भीती दोनदा?

एका रात्री दोन जुने सिनेमे पाहायचे ठरलं की आमच्या मित्रांत हमखास दोन तट पडतात.

एका तटाला ‘इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स’ लागोपाठ दोनदा हवा: आधी १९५६चा, मग १९७८चा. दोन्हींत परग्रहावरचे जीव गुपचूप माणसांची जागा घेतात. मीही याच बाजूचा. कृष्णधवल सिनेमात केविन मॅकार्थी हमरस्त्यावर गाड्यांपुढे धावत, जीव तोडून ओरडत सुटतो. बावीस वर्षांनंतरच्या सिनेमात तोच नट, वय वाढलेला, भर रस्त्यात एका गाडीवर झेप घेऊन तोच इशारा देतो. जणू मधली सगळी वर्षं तो धावतच होता! पहिला सिनेमा नुकताच पाहिलेला असला की या क्षणी अंगावर सर्रकन काटा येतो. शिवाय पहिल्याचा दिग्दर्शक डॉन सीगल दुसऱ्यात टॅक्सीवाला म्हणून दिसतो, तो ओळखायची मजा वेगळीच.

दुसऱ्या तटाची जोडी म्हणजे ‘एलियन’ (१९७९) आणि ‘द थिंग’ (१९८२). एकात अंतराळयान, दुसऱ्यात अंटार्क्टिकावरचा तळ. पळायला जागा कुठेच नाही. ‘द थिंग’मध्ये माणसाचं रूप घेतलेला परग्रहावरचा जीव ओळखायला तापलेल्या तारेनं प्रत्येकाचं रक्त तपासतात, तो प्रसंग तर श्वास रोखून धरायला लावतो. पण दोन्ही मिळून पावणेचार तास होतात आणि ताण कुठेच सैल पडत नाही. दुसरा सिनेमा ताज्या डोक्यानंच पाहावा असा आहे, म्हणून मी ही जोडी दोन रात्रींत वाटून घेईन.