टॅको शेलच्या जागी काय? चीज, कोबी, जवस सगळं करून बघितलं

शनिवारी रात्री टॅको (मक्याच्या कुरकुरीत दुमडलेल्या पोळीत, म्हणजे शेलमध्ये, सारण भरलेला मेक्सिकन पदार्थ) हा आमच्या मुलीचा ठरलेला हट्ट. पण बाबांना शुगर निघाल्यापासून ते टेबलावर आमच्यासोबत बसायचे आणि नुसतं आतलं सारण वाटीत घेऊन चमच्याने खायचे, ते काही मला बघवेना. म्हणून गेले दोन-तीन महिने शेल आणि रॅपचे जितके पर्याय नाशिकमध्ये बसून करता येतील तितके केले, त्याचा हा रिव्ह्यू.

आधी विकतचे. कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून मल्टीग्रेन रॅप आणले, पुढे ज्वारी-नाचणीची कणसं छापलेली आणि मागे घटकांच्या यादीत पहिलं नाव मैदा! ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे सगळ्यात जास्त काय घातलंय ते पहिल्या शब्दातच कळतं, त्यामुळे आता मी पाकीट आधी उलटंच करते. मग ऑनलाइन कीटो, म्हणजे अगदी कमी कार्बवाले, रॅप मागवले, त्यात कार्ब (रक्तातली साखर वाढवणारे पिष्ट पदार्थ) खरंच कमी होते पण तव्यावर गरम केले की चिवट, बाबांनी दोन घास खाऊन बाजूला ठेवले, आणि त्या किमतीत आठवड्याचा भाजीपाला येतो. परत घेणार नाही.

बरेच जण म्हणतात त्यापेक्षा भाकरी घे. भाकरी चांगलीच आहे, आम्ही रोज खातो, पण १०० ग्रॅम बाजरीच्या पिठात ६० ग्रॅमच्या वर कार्ब असतात, त्यामुळे तिला लो-कार्ब म्हणता येत नाही. पोळी एक घेतली तरी २० ग्रॅमच्या आसपास जातातच.

कुरकुरीत हवं असेल तर चीजचं शेल. किसलेलं चेडर नॉनस्टिक तव्यावर पुरीएवढं पसरायचं, मंद आचेवर कडा तांबूस झाल्या की उचलून दोन डब्यांवर आडव्या ठेवलेल्या लाटण्यावर टाकायचं, मिनिटाभरात टॅकोच्या आकारात कडक होतं. नुसतं मोझरेला घेतलं तर त्यात पाणी जास्त असल्याने मऊ पडतं, आणि क्यूबवालं प्रोसेस्ड चीज तर नकोच, ते वितळून चिकट होतं, कडक होत नाही. चव एक नंबर, मुलगी तर शेल नुसतंच खाते. पण खारट आणि जड, बाबांना बीपी पण आहे म्हणून त्यांना एकच देते.

कोबीचं पान मला लेट्यूसपेक्षा आवडलं. लेट्यूस गरम सारणाने लगेच मरगळतं. गंगेवरच्या (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) बुधवारच्या बाजारात कोबी छान ताजा मिळतो, त्याचा दांडा कोरून काढायचा आणि अख्खा गड्डा उकळत्या मिठाच्या पाण्यात दोन मिनिटं बुडवायचा, पानं न फाटता सुटतात. मधली जाड शीर सुरीने तासायची आणि पान कपड्याने नीट कोरडं करायचं, नाहीतर हातातून पाणी गळतं.

पण आमच्या घरात टिकलं ते जवस. कच्चे जवस मिक्सरला बारीक करायचे, एक वाटी पिठाला पाऊण वाटी पाणी मीठ घालून उकळायचं, त्यात पीठ टाकून उकडीच्या मोदकाची उकड काढतो तसंच भराभर हलवायचं, जवसाला चिकटपणा असतो त्यामुळे मैदा, अंडं काहीच न घालता गोळा होतो. थोडं निवलं की बटर पेपरमध्ये लाटायचं, डब्याच्या झाकणाने गोल कापायचं आणि दोन्ही बाजूंनी मिनिटभर भाजायचं. जास्त भाजलं की दुमडताना चिरतं, पहिल्या दिवशी माझे चार तुटले. १०० ग्रॅम जवसात साधारण २९ ग्रॅम कार्ब, त्यातले २७ फायबर, ज्याची पचून साखर होत नाही, म्हणजे २५ ग्रॅमच्या एका रॅपमध्ये शुगर वाढवणारं जवळजवळ काहीच नाही. तेल मात्र भरपूर असतं, त्यामुळे दोनात पोट भरतं आणि फायबरमुळे पाणी पण जास्त प्यायला लागतं. बाबा म्हणाले, "जवसाच्या चटणीचा वास येतोय की!" आणि दुसरा मागितला.

घाई असेल त्या दिवशी दोन अंड्यांचं पातळ ऑम्लेट, झालाच रॅप. बेसनाचं धिरडं चवीला मस्त पण बेसनातही कार्ब बरेच आहेत, ते मी आमच्यासाठीच करते.

आतलं सारण पण बघा, शेल बदललं आणि आत वाटीभर राजमा, मका भरला तर सगळा हिशोब तिथेच चुकतो. मी पनीर भुर्जी नाहीतर चिकन खिमा घालते, वर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर आणि सावर क्रीमच्या जागी घरचा चक्का. आणि ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी जेवणातले कार्ब एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर खाली जाऊ शकते, आम्ही पण आधी विचारलं होतं.

या शनिवारी जवसाचे आठ केले, बाबांनी तीन खाल्ले, हाताने, आमच्यासारखे.