‘चालू गॅरेजचा लॉट’: स्वस्तात सामान घेताना नेमकं कुठे फसवतात

‘गॅरेज बंद करतोय, सगळं सामान एकत्र द्यायचं आहे, सुटं मिळणार नाही.’ जुन्या सामानाच्या जाहिरातींत हे वाक्य दिसलं की जरा थांबा. चिंचवडमध्ये घराच्या पार्किंगमध्येच छोटं गॅरेज सुरू करू पाहणाऱ्या एका तरुणाने असाच एक लॉट ४२ हजारांना घेतला. तीन एचपीचा कॉम्प्रेसर आणि त्याची १०० लिटरची टाकी, तीन टनी ट्रॉली जॅक, ३०० अँपिअरचं वेल्डिंग मशीन, १५० नगांचा गोटी-पाना (सॉकेट-स्पॅनर) सेट आणि वीस मीटर वायरचं एक्स्टेंशन रील एवढं सामान त्यात होतं. लेबलं खरी असती तर सौदा उत्तमच होता. आम्ही एकेक वस्तू उघडून तपासली, तेव्हा लेबलावर लिहिल्याप्रमाणे एकही निघाली नाही. ‘सुटं मिळणार नाही’ ही अट का असते तेही तेव्हा कळतं. प्रत्येक वस्तूचा वेगळा भाव ठरला तर गिऱ्हाईक प्रत्येक वस्तू वेगळी तपासेल. विक्रेत्याला तेच नको असतं.

सगळ्यात मोठी फसवणूक कॉम्प्रेसरमध्ये होती. मोटरच्या पाटीवर ३ एचपी लिहिलं होतं, पण पाटीचे रिव्हेट कोरे करकरीत आणि खालचा रंग जुना, टवके उडालेला. पाटी बदलली असल्याची ही पहिली खूण. घरच्या सिंगल फेजवर तीन एचपीची मोटर पूर्ण भाराला साधारण १४ ते १७ अँपिअर घेते. टाकीत सात-आठ बार दाब असताना क्लॅम्प मीटर (वायरीभोवती जबडा धरून करंट मोजणारं मीटर) लावला तर इथे काटा सहाच्याही वर जाईना. म्हणजे मोटर एक एचपीची. क्लॅम्प मीटर लावताना जबडा एकाच वायरभोवती धरायचा. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर वाचन शून्याच्या आसपास येतं आणि ‘मीटरच बिघडलंय’ म्हणायला विक्रेत्याला वाव मिळतो.

मीटर नसेल तरी घड्याळ पुरतं. टाकी पूर्ण रिकामी करा, ड्रेन व्हॉल्व्ह बंद करा आणि शून्यापासून आठ बार व्हायला किती मिनिटं लागतात ते बघा. टाकीचे लिटर गुणिले वाढलेले बार, भागिले मिनिटं. येईल तो आकडा म्हणजे दर मिनिटाला खरोखर मिळणारी हवा. पाटीवर १० सीएफएम (दर मिनिटाला घनफूट) होतं, म्हणजे मिनिटाला सुमारे २८३ लिटर. प्रत्यक्षात १०० लिटरची टाकी आठ बारला न्यायला नऊ मिनिटं लागली. १०० गुणिले ८ भागिले ९, म्हणजे ८९ लिटर, जेमतेम ३ सीएफएम. टायरमध्ये हवा भरायला आणि एअर फिल्टर झाडायला एवढी हवा पुरते. अर्धा इंची इम्पॅक्ट गनने मात्र एका चाकाचे नट निघतात न निघतात तोच दाब बसतो, आणि स्प्रे पेंटिंगचा तर विचारच नको. खरेदीच्या वेळी ही गोष्ट लक्षात का आली नाही? कारण गिऱ्हाईक पोचलं तेव्हा टाकी आधीच सहा बारपर्यंत भरून ठेवलेली होती. सहाचे आठ झाले, मोटर आपोआप बंद पडली, ‘बघा, कटऑफ पण चालू आहे’ म्हणून दाखवलं आणि विषय संपला. भरलेल्या टाकीवर दाखवलेली कुठलीही चाचणी मानू नका. टाकी समोर रिकामी करायला लावा. ‘वेळ नाही’ असं उत्तर आलं तर सौदा तिथेच सोडा.

वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तांब्याची सांगतात आणि निघते अॅल्युमिनियमची. दोन्हींवर लाखेसारखा थर असल्यामुळे वरून रंग सारखाच तांबूस दिसतो. मोटरचं मागचं झाकण काढून, जिथे वायर टर्मिनलला जोडली आहे तिथे ब्लेडच्या टोकाने किंचित खरवडायचं. आत चंदेरी दिसलं तर अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियमची मोटर चालतच नाही असं नाही, पण तापते लवकर, जोड सैल पडतात आणि रिवाइंडिंगचा खर्च लवकर अंगावर येतो. भाव तांब्याचा द्यायचा नाही, एवढंच.

टाकीबाबत मात्र तडजोड नको. हवेसोबत आलेलं पाणी तळाशी साचतं आणि पत्रा आतून खातं. या टाकीच्या पोटाखाली हाताच्या पंजाएवढ्या जागेवर एम-सील चोपडून वर जाड रंग मारलेला होता. लोहचुंबक फिरवला की ते कळतं: पत्र्यावर घट्ट धरतो, एम-सील भरलेल्या जागी ढिला पडतो. ड्रेन व्हॉल्व्ह उघडल्यावर थोडं गढूळ पाणी येणं नेहमीचं आहे; गंजाचे खवले पडले तर टाकी भंगारातच द्यायची. त्याहून भयंकर म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी टेफ्लॉन टेप गुंडाळून साधा प्लग बसवला होता. मोटर आपोआप बंद करणारा प्रेशर स्विच अडकला असता तर दाब बाहेर पडायला वाटच नव्हती. दाबलेली हवा पत्रा फाडून एका झटक्यात बाहेर येते, म्हणून जुनी टाकी किती मजबूत आहे हे हवेने तपासायचं नसतं. ती काठोकाठ पाण्याने भरून हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा. आठ बारची टाकी असेल तर बारा. पाणी फारसं दबत नाही, त्यामुळे टाकी गळली तरी फुटून उडत नाही. गंजलेल्या टाकीला वेल्डिंगचं ठिगळ लावून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

वेल्डिंग मशीनची फसवणूक कागदावरच पकडता येते. इन्व्हर्टर पद्धतीचं वेल्डिंग मशीन २०० अँपिअरला साधारण २८ व्होल्ट देतं, म्हणजे साडेपाच किलोवॉटच्या वर. घरातलं १६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला देऊन देऊन ३.७ किलोवॉट देणार. मग १६ अँपिअरच्या प्लगवरचं ‘३००’ कुठून येणार? अशा प्लगवर खरे १२० अँपिअर मिळाले तरी खूप झाले. सायलेन्सरचं ब्रॅकेट किंवा फ्लोअरचा पत्रा जोडायला अडीच मिमीचा रॉड आणि ६० ते ९० अँपिअर पुरतात, त्यामुळे मशीन अगदीच टाकाऊ नव्हतं. पैसे मात्र अडीचपट आकड्याचे गेले होते.

जॅककडे नीट लक्ष द्या, कारण इथे पैशाबरोबर जीवही जाऊ शकतो. खरा तीन टनी ट्रॉली जॅक एका हाताने सहज उचलला जात नाही. पंचवीस-तीस किलोचा ऐवज असतो. या लॉटमधला नऊ किलोचा होता. म्हणजे बाजारात मिळणारा लहान, हलका जॅक, वर तीन टनाचं स्टिकर. आत सील झिजलेले होते आणि ते झाकायला हायड्रॉलिक ऑइल काढून ९० नंबरचं गिअर ऑइल भरलेलं होतं. दाट तेल झिजलेल्या सीलमधून हळू निसटतं, त्यामुळे सकाळच्या गारव्यात पाच मिनिटं गाडी धरून दाखवता येते. दुपारी पार्किंगमध्ये ऊन आलं, तेल पातळ झालं, की जॅक बसायला लागतो. सोडायचा स्क्रू ढिला केल्यावर जॅक रेंगाळत, अडखळत खाली आला तर आत चुकीचं तेल असल्याचा संशय घ्या. फिलर प्लग काढून बोट बुडवा: हायड्रॉलिक ऑइल पातळ असतं, गिअर ऑइल चिकट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं. काही जण ब्रेक ऑइल ओततात; त्याने जॅकचे रबरी सील फुगून खराब होतात.

तपासायची रीत सोपी आहे. जॅकवर गाडीचं पुढचं टोक उचला, जॅकच्या उचलणाऱ्या दांड्यावर खडूने खूण करा, पंधरा मिनिटं थांबा. या वेळात गाडीखाली कोणी जायचं नाही. खूण नजरेला कळण्याइतकी खाली आली तर घेऊ नका. आणि जॅक कितीही चांगला असो, तो फक्त उचलण्यासाठी. धरून ठेवायला जॅक स्टँडची, म्हणजे घोड्यांची, जोडीच हवी. या लॉटमध्ये घोड्या नव्हत्याच. विक्रेत्याने ‘दोन सिमेंटचे ब्लॉक ठेवा, चालतं’ असं सांगितलं होतं. चालत नाही. पोकळ ब्लॉकवर एका बिंदूत वजन आलं की तो कसलीही पूर्वसूचना न देता फुटतो. साध्या हॅचबॅकचं पुढचं टोकही पाचशे-सहाशे किलोचं असतं. घोडी घेताना पायांचं वेल्डिंग सलग आहे की नुसते टाके मारलेत ते बघा, दातेरी दांडा आणि खटका यांत खेळ किती आहे ते हलवून बघा, आणि दोन्ही घोड्या सारख्या उंचीला बसतात याची खात्री करा.

१५० नगांचा सेट हा तर नगांचा खेळ. मोजायला बसलं की साठेक स्क्रू-ड्रायव्हर बिट, अॅलन कीचे दोन-तीन संच, पाव इंची ड्राइव्हच्या बारक्या गोट्या. गाडीच्या कामाला रोज लागणाऱ्या वस्तू विसाच्या आसपास. अर्धा इंची रॅचेट, १२५ आणि २५० मिमीचे एक्स्टेंशन, लांब टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) आणि १०, १२, १३, १४, १७, १९, २१ च्या सहा कोनी गोट्या. आठच्या गोटीसाठी छोटं रॅचेट. मारुतीच्या चाकांना सहसा १९ लागते, ह्युंदाईला २१. सुटं घेतलं तर या यादीतला चांगला माल त्याच पैशांत बसतो.

गोटीवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलेलं असणं हा पुरावा नाही. शिक्का कोणीही मारतो. व्हर्नियरने आतलं माप घ्या. चांगली १० ची गोटी आतून १०.०५ ते १०.२० मिमीच्या दरम्यान असते. या सेटमधली १०.३५ भरली. एवढ्या ढिल्या गोटीत जोर बोल्टच्या सपाट बाजूंवर न येता कोपऱ्यांवर येतो, कोपरे झिजतात आणि बोल्ट गोल होतो. ब्रेक कॅलिपरची ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायचा स्क्रू) अशी गोल झाली की गोटीत वाचवलेले पैसे कॅलिपरमध्ये जातात. दुसरी चाचणी बारीक कानशीची. गोटीच्या चौकोनी भोकाच्या आतल्या कडेवर, जिथे क्रोमचा थर पातळ असतो, कानस हलकी ओढा. कडक पोलादावर ती घसरते, मऊ लोखंडात रुतून कीस काढते. रॅचेट घट्ट धरून दोन्ही दिशांना जोर देऊन बघा. खटका एकदा जरी सुटला तर ते चाकाच्या नटावर वापरायचं नाही, बोटं फुटतात.

राहिलं एक्स्टेंशन रील. वर ‘२.५ स्क्वेअर (चौरस मिमी), कॉपर’ छापलेलं, आत तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आणि तेही बारीक. एक तार सोलून खरवडली की चंदेरी दिसते. नवीन कॉइल घेत असाल तर वजनकाटा वापरा: २.५ स्क्वेअरच्या ९० मीटर कॉइलमध्ये नुसतं तांबंच पावणेदोन ते दोन किलोच्या घरात भरतं, वर प्लास्टिकचं आवरण वेगळं. पूर्ण कॉइलच दोन किलोची निघाली तर तांबं किंवा लांबी, काहीतरी चोरलेलं आहे. आयएसआय खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर अॅपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का ते पाहता येतं. बारीक वायरीवर कॉम्प्रेसर सुरू केला की व्होल्टेज पडतं, मोटर गुरगुरते पण उचलत नाही, आणि वाइंडिंग जळते. मग दोष मोटरला दिला जातो.

पैसे कसे गेले तेही बघण्यासारखं आहे. ‘दुसरं गिऱ्हाईक निघालंय, पाच हजार टाका म्हणजे धरून ठेवतो’ म्हणून आधी यूपीआयवर पैसे घेतले. एकदा पाच हजार अडकले की माणूस सामान नाकारत नाही. बाकीची रक्कम रोख आणि बिल कच्चं, त्यावर नुसतं ‘गॅरेज सामान’. नंतर फोनवर उत्तर: जुना माल, गॅरंटी कसली?

आगाऊ पैसे देऊच नका. सामान न दाखवता पैसे उकळले असतील, तर १९३० वर लगेच फोन करा किंवा सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. दुकानदाराने खोटं सांगून विकलं असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ उपयोगी पडतो. बिल न देणं आणि सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं या दोन्ही गोष्टी त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. ‘धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही’ असं दुकानदार दरडावून सांगतात. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला हे लागू होत नाही, कायद्यातच तसं स्पष्टीकरण आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. एखाद्या घरगुती माणसाकडून घेतलेल्या जुन्या सामानाला मात्र हे संरक्षण मिळणं अवघड, म्हणून तिथे तपासणीवरच भिस्त.

बिलावर वस्तूचं वर्णन लिहून घ्या: ‘कॉम्प्रेसर १ एचपी, तांब्याची वाइंडिंग, टाकी १०० लिटर, सेफ्टी व्हॉल्व्ह चालू, पाण्याने १२ बारला तपासलेली’. खोटं बोलणारा विक्रेता तोंडाने सगळं मान्य करतो, लिहायची वेळ आली की पेन खाली ठेवतो.

बजेट तुटपुंजं असेल तर आधी घोड्यांची जोडी आणि जॅक, नवीन आणि पक्क्या बिलावर. मग सुट्या गोट्या आणि पाने. त्याच सुमारास पार्किंगच्या बोर्डाला नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच), कारण फरशी ओली असते आणि हातात लोखंड. टायरच्या हवेसाठी गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा पंप पुरतो. कॉम्प्रेसर शेवटी घ्या, तोही एकटा, लॉटमधला नको; जाताना क्लॅम्प मीटर, लोहचुंबक आणि घड्याळ सोबत असू द्या.