कोन्यात तासभरच हाताशी असेल तर: कराताय की इंजे मिनारे?

तुर्कस्तानात कोन्याला जाणारे बहुतेकजण मौलाना रुमींच्या समाधीसाठी जातात. अंकाऱ्याहून सकाळच्या वेगवान रेल्वेने येऊन संध्याकाळी परतायचं असेल, तर त्यानंतर फार वेळ उरत नाही. तेवढ्यात अलाउद्दीन टेकडीच्या कडेच्या दोन सेल्जुक (तेव्हा इथे राज्य करणारं तुर्की घराणं) मदरशांपैकी कोणता बघावा? दोन्ही तेराव्या शतकातले, दोन्हींची आता संग्रहालयं झालेली आणि एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर.

इंजे मिनारेचं वैभव रस्त्यावरूनच दिसतं. वजीर साहिप अतानं हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, शिक्षणासाठी बांधलेल्या या मदरशाच्या दारावर कुराणातल्या आयती कोरलेल्या दोन दगडी पट्ट्या एकमेकींत गुंफत वर चढतात. नावातला ‘बारीक मिनार’ मात्र 1901 साली वीज पडून बुटका झाला. आत दगडाचं आणि लाकडाचं कोरीव काम आहे. शहराच्या जुन्या तटबंदीवरचे पंखवाले देवदूत आवर्जून बघण्यासारखे.

करातायचं उलट. करड्या-पांढऱ्या संगमरवराचं दार देखणं आहे, पण खरी गंमत आत. 1251 साली अमीर जलालुद्दीन करातायनं (हे मौलाना जलालुद्दीन रुमी नव्हेत, फक्त नाव तेच) हा मदरसा बांधला. त्याची कबरही इथेच, एका खोलीत. घुमटाखाली उभं राहून वर बघा: फिरोजी, काळपट आणि पांढऱ्या तुकड्यांनी विणलेल्या चांदण्याच चांदण्या. रंगीत झिलईच्या टाइल्स कापून एकेक तुकडा बसवलाय. कोपऱ्यांतल्या त्रिकोणांत पैगंबरांची आणि पहिल्या चार खलिफांची नावं. बीदरचा महमूद गवानचा मदरसा पाहिलेल्यांना ही कला ओळखीची वाटेल. तिथल्या टाइल्स बाहेरच्या भिंतीवर ऊन-पाऊस खात पुष्कळशा झडल्या.

1955 पासून इथे टाइल्सचं संग्रहालय आहे. बेयशेहिर तळ्याकाठच्या कुबादाबाद या सेल्जुक राजवाड्यातल्या चांदणीच्या आकाराच्या टाइल्सवर मांडी घालून बसलेली माणसं, पक्षी आणि दोन डोक्यांचा गरुड दिसतो. आपल्या किल्ल्यांवरच्या गंडभेरुंडाचा चुलतभाऊच म्हणा ना! मदरशात माणसांची चित्रं कशी, असा प्रश्न पडला तर लक्षात ठेवा, ती राजवाड्यातून आली आहेत. मदरशाच्या स्वतःच्या घुमटावर फक्त भूमिती आणि अक्षरं.

माझं मत करातायला. तिकीट त्याचं काढा, इंजे मिनारेचं दार जाता-जाता बाहेरून बघा. दगडी कोरीव कामाचं वेड असेल तरच उलट करा. आणि करातायमध्ये आधी टाइल्सच्या खोल्या उरकून घ्या, कारण घुमटाखालून पाय लवकर निघत नाही.