मेडिकलमधलं एआय सॉफ्टवेअर: उन्हाळ्यापासून वापरतोय, आता रिन्यूअल आलंय

काल रिन्यूअलवरून कंपनीच्या माणसाशी फोनवर चांगलंच वाजलं, म्हणून लिहितोय. आमचं मेडिकल तालुक्याच्या गावी, रजिस्टर्ड फार्मसिस्ट म्हणजे मी आणि बायको, बास. डी.फार्म झालेली पोरं पुण्याला निघून जातात, जाहिरात देऊन कुणी टिकत नाही, म्हणून हे घेतलं.

चिठ्ठीचा फोटो काढला की औषधं आपोआप बिलात येतात. छापील चिठ्ठी झकास वाचतं. पण हाताने लिहिलेलं लागलं नाही तर रकाना मोकळा सोडावा ना, तो सोडत नाही, जवळपासचं नाव ठोकून देतं! फिटच्या पेशंटचं क्लोबाझाम होतं, बिलात आलं क्लोनाझेपाम. बायको प्रत्येक स्ट्रिप चिठ्ठीशी ताडून मगच देते म्हणून काउंटरवरच सापडलं. नंतर खाजेच्या हायड्रॉक्सिझिनचं बीपीचं हायड्रालाझिन केलं. तक्रार केली तर म्हणे तुम्ही कन्फर्म करत जा. अरे कन्फर्म तर करतोच, पण चुकीचं नाव ठसठशीत छापून समोर आलं की दमलेला माणूस त्यालाच हो म्हणतो, रिकामी जागा दिसली तर निदान चिठ्ठी पुन्हा बघतो, डॉक्टरला फोन लावतो. शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध बदलून द्यायची मुभा मला नाही, मग याला कुणी दिली?

तेव्हा एकच स्टार देणार होतो. पण 22 सप्टेंबर 2025 ला बऱ्याच औषधांचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला तेव्हा सगळ्या आयटमची यादी यानेच काढून दिली, आणि तेव्हापासून पर्चेस एंट्री त्याच्यावरच टाकली. स्टॉकिस्टच्या, म्हणजे घाऊक विक्रेत्याच्या बिलाचा फोटो टाकला की बॅच, एक्स्पायरी, एमआरपी, 10+1 ची (दहावर एक फुकट) स्कीमसुद्धा बरोबर चढते. शेड्यूल एच1 चं, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांचं रजिस्टर, जे तीन वर्षं जपावं लागतं, ते बिलावरून भरतं. एंट्रीला वेगळा माणूस लागत नाही, त्याचा पगार वाचला, आणि आम्ही दोघं पेशंटशी बोलायला मोकळे. या कामाला पाच स्टार, मनापासून.

पण आता ते म्हणतात चिठ्ठीवाचन धरूनच पॅकेज घ्या, आणि पैसे जास्त. फार्मसी अ‍ॅक्टच्या कलम 42 प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मसिस्टनेच द्यायचंय, म्हणजे तपासायचं आम्हीच. खात्री नाही तिथे रकाना रिकामा ठेवा, एवढंच मागतोय. ते होईपर्यंत त्या भागाचा एक रुपया देणार नाही, तसं लेखी कळवलंय. कुणी डेमो घेणार असाल तर त्यांच्या नमुन्याच्या चिठ्ठ्यांवर घेऊ नका, आपल्या गावच्या डॉक्टरांच्याच पुढे करा.