पडद्यावरची काशीबाई आणि इतिहासातली काशीबाई

२०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'त प्रियांका चोप्राने साकारलेली काशीबाई मला अजून विसरता येत नाही. जीव मागितला असता तरी दिला असता, पण तुम्ही माझा अभिमानच हिरावून घेतला, असं ती नवऱ्याला सुनावते. आदळआपट नाही, शाप नाही. भरून आलेले डोळे, पण मान ताठ. तो एक प्रसंग अख्ख्या भव्य सेटला भारी पडतो. 'पिंगा' हे गाणं मात्र मला खटकलंच. पेशव्यांच्या घरातली बाई अशी सवतीबरोबर नाचेल, हे मनाला पटत नाही.

इतिहासातली काशीबाई बोलत नाही, करून दाखवते. चासच्या जोशी सावकारांची ही लेक. १७४० मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले, पाठोपाठ मस्तानीही. मागे उरला त्या दोघांचा सहा वर्षांचा मुलगा समशेर, आणि त्याला वाढवलं ते काशीबाईंनी. ज्या नात्याने संसाराला तडा गेला, त्याच नात्याचं लेकरू! पुढे १७६१ ला तो पानिपतावर मराठ्यांकडून लढला.

पडद्यावरची रडवते, पण निवड करायचीच तर मी समशेरला जवळ घेणारीच निवडेन.