आठ महिने एल ग्रान कोम्बो ऐकल्यानंतर

जवळजवळ आठ महिने झाले, रोज सकाळी लोकलमध्ये कानात हेच चालू असतं, त्यामुळे आता मनापासून लिहितेय. एल ग्रान कोम्बो दे पुएर्तो रिको, म्हणजे पुएर्तो रिको या कॅरिबियन बेटावरचा साल्सा बँड. ज्यांना साल्सा ऐकायला सुरुवात करायचीय त्यांनी प्लीज डायरेक्ट यांच्यापासून करू नका, आधी आठवडाभर राफाएल कोर्तिहोचा बँड ऐका, कारण ही मंडळी तिथूनच फुटून निघालीयेत.

कोर्तिहोने 1954 पासून बोंबा आणि प्लेना, म्हणजे तिथल्या काळ्या वस्त्यांमधलं ढोलांचं संगीत, थेट टीव्हीवर नेलं, गायला इस्माएल रिवेरा, काय आवाज आहे त्या माणसाचा! मग पनामाहून परतताना रिवेरा ड्रग्जच्या केसमध्ये पकडला गेला, बँडची घडीच विस्कटली, आणि 1962 मध्ये पियानोवाला राफाएल इथिएर बऱ्याच जणांना घेऊन बाहेर पडला. ही फूट काही गोडीगुलाबीने झाली नव्हती. पण इथिएरने नवीन बँड एका मालकाचा ठेवलाच नाही, सहकारी पद्धतीने चालवला, मला वाटतं म्हणूनच तो साठ वर्षांवर टिकला. नाहीतर 1977 ला आंदी मोन्तान्येससारखा गायक सोडून व्हेनेझुएलाच्या बँडमध्ये गेला तेव्हाच सगळं संपलं असतं.

ऐकताना पियानोकडे लक्ष द्या. मला हे कळायला दोन महिने लागले. गाण्याच्या उत्तरार्धात पियानो एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतो, वर गायक ऐनवेळी सुचेल तशी ओळ टाकतो आणि बाकीचे ठरलेली ओळ परत देतात, आपल्याकडे कीर्तनात बुवांच्या मागे टाळकरी धरतात ना अगदी तसं. आणि खाली क्लावे, म्हणजे गाण्याचा पायाचा ताल, चालू, तीन ठोके मग दोन, किंवा आधी दोन मग तीन. मी डब्याच्या झाकणावर बोटाने वाजवून वाजवून ते बसवलं. ज्या दिवशी 1975 च्या ‘उन व्हेरानो एन नुएव्हा यॉर्क’ला शेवटपर्यंत हात चुकला नाही त्या दिवशी दादरला उतरताना इतका आनंद झाला की काय सांगू.

तक्रार एकच, 1980 नंतरचे काही अल्बम सलग ऐकले की एका साच्यातले वाटतात, वाजवणं एकदम चोख पण कोर्तिहोकडची ती धग नाही. शिवाय मी वापरते त्या ॲपवर अर्ध्या गाण्यांची वर्षं चुकीची आहेत, नुसती कलेक्शनं भरलीयेत, त्यामुळे क्रमाने ऐकायचं तर यादी स्वतःच बनवावी लागते.

माझ्या यादीत सगळ्यात शेवटी 1974 चं रेकॉर्डिंग ठेवलंय. कोर्तिहो, रिवेरा, इथिएर, जुनी मंडळी बारा वर्षांनी परत एकत्र वाजवतायत. ते आधी ऐकू नका, दोन्ही बँड नीट कानात बसल्यावरच लावा.